मधूच्या गिटारीचं मूळ

३ जानेवारी १९७५
यांना ऑफिसातून डायरी मिळाली. हिशेबाची वही वेगळी आहे, म्हणून ही कोरीच रद्दीत जाणार होती. कोरी वही रद्दीत घालणं म्हणजे सरस्वतीचा अपमान. तेव्हा लिहिणार. मनातलं. कोणी वाचायचं नाही.

संकल्प: जप वाढवणे. चहा कमी. गिरजाबाईंविषयी मनात वाईट आणायचं नाही.

तिसरा संकल्प दुपारीच मोडला. दोष माझा नाही. गिरजाबाई म्हणजे आमच्या वाशीच्या महिला भजनी मंडळाच्या प्रमुख. ढोलकी त्यांच्याकडे. आज ऐन भजनात त्यांनी माझ्या हातातून टाळ काढून घेतला आणि म्हणाल्या, चारुताई, तुम्ही आपला प्रसाद वाटा हो, तुमच्या हाताला बरकत आहे.

मला समजत नाही का? मत्सर. दुसरं काय! माझे वडील कीर्तनकार. वयाच्या आठव्या वर्षापासून मी त्यांच्यामागे टाळ वाजवलाय. आधी मागे बसवायचे, मग दाराजवळ, मग बाहेर ओटीवर. इतका माझा टाळ लांबवर पोचायचा.

टाळ परत मिळवणार. पहिल्या रांगेत बसून.

१७ जानेवारी
उपाय सापडला. मधू.

मधू आमचा एकुलता एक. यंदा मॅट्रिकला. त्याला पेटी शिकवायची आणि मंडळात बसवायचा. पेटीवाल्याच्या आईला प्रसाद वाटायला लावायची कोणाची छाती आहे बघू.

कान तर त्याला जन्मतःच आहे. गिरगावात असताना पाळण्यात माझ्या टाळाशिवाय झोपायचा नाही. सासूबाईंनी एकदा हौसेनं टाळ घेतला तर रडून रडून काळानिळा झाला होता. माझ्याकडे दिल्यावर दोन मिनिटांत गाढ. रक्त बोलतं.

माळ्यावर वडिलांची पेटी आहे. उद्याच उतरवते.

२ फेब्रुवारी
पेटी उतरवली. भात्याला उंदरांनी भोक पाडलंय. मधूला म्हटलं, कुठून तरी दुरुस्त करून आण, पण पैसे खर्च करायचे नाहीत.

मुलगा आज्ञाधारक. पैसे खर्च केले नाहीत. खालच्या मजल्यावरच्या ब्रागांझांना पेटी दिली आणि त्यांच्याकडची जुनी गिटार घेऊन आला.

हे ब्रागांझा मुंबईत एका हॉटेलात गिटार वाजवतात. दिवसा झोपतात, संध्याकाळी सुटाबुटात बस पकडतात. त्यांच्या मिसेसनं पेटी हॉलमध्ये ठेवून तिच्यावर येशूची तसबीर मांडली आहे. बघून आले. शेवटी देवच आहे. चालेल.

गिटारही चालेल. एकतारीला एक तार, हिला सहा. म्हणजे भक्ती सहापट. श्रावणापर्यंत मधू भजनं वाजवणार. दत्तगुरूंना नारळ बोलले.

२१ मार्च, दुपारी ३
मधू रोज ब्रागांझांकडे. अभ्यास म्हणतो. खालून गिटार ऐकू येते. हल्ली अभ्यासाची पद्धत बदलली असेल.

९ एप्रिल
आज जिन्यात ब्रागांझांना गाठलं. विचारलं, माझ्या मुलाला शिकवता काय? म्हणाले, जॅझ. विचारलं, कोणत्या देवाचं? ते जरा विचारात पडले. मग मोडक्या मराठीत समजावलं. आधी सगळ्यांनी मिळून मुखडा वाजवायचा. मग प्रत्येकानं आपल्या मनाला येईल तिकडे भटकून यायचं. शेवटी सगळ्यांनी परत घरी भेटायचं.

म्हटलं, हे तर आमच्याकडे दर रविवारी होतं.

ऐकायला मात्र असं वाटतं की कोणाची तरी किल्ली हरवली आहे आणि तो भांडी काढून काढून शोधतोय. सापडत नाही. मध्येच सापडल्यासारखं वाटतं, तर ती दुसऱ्याच कुलुपाची.

१२ एप्रिल
गिटारीची तार तुटली. टाकून देत होता, काढून घेतली. धुण्याच्या साबणाची लांब वडी तिनं फार सफाईनं कापली जाते. जॅझचा पहिला उपयोग.

२२ ऑगस्ट १९७५
यशस्वी दिवस! सविस्तर लिहिते.

मधू मंडळात बसला. गिरजाबाईंना गिटारीचं अप्रूप, त्यामुळे नाही म्हणाल्या नाहीत. आणि मुलगा वाजवतोय म्हटल्यावर मीही टाळ उचलला. कोणाची हिंमत झाली नाही.

पहिलं भजन बरं चाललं. दुसऱ्यात मधूनं गिरजाबाईंची ढोलकी सोडली आणि माझा टाळ धरला. मग मंडळात दोन तट पडले. सात बायका गिरजाबाईंबरोबर गेल्या, पाच आमच्याबरोबर. आरती दोन वेगवेगळ्या वेळी संपली. आमची नंतर. म्हणजे आम्ही जास्त वेळ देवाजवळ होतो.

गिरजाबाईंनी ढोलकीला गवसणी घातली आणि नाडीला तीन गाठी मारल्या. हरल्यावर माणूस दुसरं काय करणार.

घरी येताना मधू इतका हसत होता की जिन्यातच बसला. म्हणाला, आई, मघाशी मारलास तसा टाळ परत मार. मारला. अजून एकदा, म्हणाला. परत मारला. गिटार घेऊन माझ्या टाळाभोवती नाचत बसला, कोणाच्या तरी कुकरची शिट्टी होईपर्यंत. ब्रागांझा बनियनवर दारात आले, चुटक्या वाजवत उभे राहिले, मग मिसेसना हाक मारून बाहेर बोलावलं. शेवटी त्यांनी मला चक्क हात जोडले.

दारू पितात म्हणे. पण जाण आहे.

२९ ऑगस्ट
मंडळाच्या हितासाठी काही दिवस प्रसाद मी आपणहून माझ्याकडे घेतला आहे. ढोलकीच्या गाठी त्याशिवाय सुटत नव्हत्या.

मधूला मंडळात आणू नये असंही सर्वानुमते ठरलं. सर्वांत मी नव्हते.

११ जून १९७८
मधली वर्षं लिहायला झालं नाही. डायरी गव्हाच्या डब्यामागे गेली होती. तारखा खोडून लिहिते, अजून पुष्कळ पानं आहेत.

मधू चिकटला! रबाळ्याच्या एका कारखान्यात. बहुतेक वेळ नाईट शिफ्ट, पण पक्की नोकरी. गिटार सुटली. सुटणारच होती, मी दत्तगुरूंना तसंच बोलले होते. (आधी भजनासाठी बोलले होते. पण त्यांना मनातलं कळतं.)

गिटारीची पेटी कॉटखाली रिकामी पडली आहे. उन्हाळ्याचे पापड त्यात ठेवले. घट्ट बंद होते, मुंगी जात नाही. आत गिटार का नाही हे विचारायचं राहिलं.

३० मे १९७९
सखू आली होती. सखू म्हणजे करावे गावची आमची मासेवाली. टोपली उतरवायच्या आधीच सुरू. आगो बाय, तुजा पोऱ्या काल आमचे हलदीला आलता. काय वाजवतं गो! नवरी पाटावरशी उठून नाचाय लागली, न् म्हातारी तर बसाचं नावच घेईना.

म्हटलं, माझा मधू काल नाईट शिफ्टला होता.

ती म्हणाली, कसली शिफ? वरीस झालं, माझे भावाचे बँडमदी हाय तो. गोटीरामाला इचार.

गोटीराम म्हणजे तिचा भाऊ. खाडीकाठच्या गावांत हळद असली की त्याचा बँड. हळदीला गिटार! अंगाला हळद, बाजूला कोंबडी, आणि मधे माझा मॅट्रिक झालेला मुलगा.

सखूनं जाताना गिटारवाल्याची आय म्हणून दोन बोंबील जास्त टाकले. घेतले. अन्नाला नाही म्हणू नये.

संध्याकाळी ६
यांना सांगितलं. हे म्हणाले, मला माहीत होतं. नोकरी त्यानं चौथ्या महिन्यातच सोडली. विचारलं, मला का सांगितलं नाही? म्हणाले, तू विचारलं नाहीस, आणि पापड छान राहिले होते.

मधू आला तो गंभीर चेहऱ्यानं. म्हणाला, आई, चिडू नकोस, हळदीला लोक थकेपर्यंत नाचतात, तिथं हात तयार होतो. आता ब्रागांझा अंकल हॉटेलात घेतायत, त्यांच्याशेजारी बसायचं.

मी अन्नपाणी सोडलं.

३१ मे
सकाळी बोंबील केले होते. वाया गेले असते.

१४ फेब्रुवारी १९८१
शेजारच्या मीनाताईंनी विचारलं, मधू हल्ली दिसत नाही? सांगितलं, मुंबईत आहे, परदेशी पाहुण्यांच्या खात्यात. खोटं नाही. हॉटेलात परदेशी पाहुणे येतात, आणि ते खातात.

६ डिसेंबर १९८१
इंग्रजी पेपरात मधूचा फोटो! मीनाताईच घेऊन आल्या. केस मानेपर्यंत. खाली नाव छापलंय, मॅडी तिरोडकर. मधुकर श्यामसुंदर तिरोडकर हे चांगलं नाव सोडून मॅडी. पण तिरोडकर ठेवलंय. कुळाची आठवण आहे.

मजकूर मी आणि मीनाताईंनी मिळून वाचला. त्यात असं आहे की याच्या वाजवण्यात एक विलक्षण मागे ओढणारा ठेका आहे, तो याला कुठून मिळाला हे कळत नाही.

मला कळतं. मी काय मेलेय?

कात्रण देव्हाऱ्याच्या काचेखाली. दत्तगुरूंना कळवलं की आधीचा सुटण्याचा नवस रद्द समजावा. तो घाईत बोलला गेला होता. मी गिटारीच्या विरुद्ध कधीच नव्हते.

२ जुलै १९८४
मधू जर्मनीला गेलाय, बँडबरोबर. पत्र आलं. थंडी आहे, बटाटे खातो. आणि लिहितो, इथले मोठमोठे वाजवणारे विचारतात की हा ठेका कुठं शिकलास. मी सांगतो, घरी.

घरी!

घरी कोण आहे? हे. यांना दाराची कडीसुद्धा तालात लावता येत नाही. म्हणजे उरलं कोण?

पत्र मंडळात वाचून दाखवलं. दोनदा, कारण पहिल्या वेळी गिरजाबाई वात वळत होत्या. दुसऱ्या वेळी त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, छान हो. मग परत वात वळू लागल्या.

१९ जानेवारी १९८६
मधू परत आलाय. मुंबईत खोली आहे. आमच्या सांस्कृतिक मंडळाचे सेक्रेटरी जयप्रकाश म्हणतात, आपल्या वाशीचा मुलगा, एक कार्यक्रम इथं व्हायलाच हवा. शाळेचा हॉल ठरला.

मी जयप्रकाशांना एवढंच सुचवलं की मधल्या वेळात मुलाखत घ्या, आणि पहिला प्रश्न असा विचारा, तुमच्या संगीताचं मूळ काय. प्रश्न कागदावर लिहूनही दिला, विसरायला नको.

आज मंडळात हे सांगितलं. गिरजाबाईंनी ढोलकी बाजूला सारली. अकरा वर्षं त्यांच्या पोटात होतं ते आज ओठांवर आलं. म्हणाल्या, चारुताई, तुमच्या मुलानं सगळ्यांसमोर तुमचं नाव घेतलं, तर पहिल्या रांगेतला टाळ तुमचा. कायमचा. मी स्वतः हातात देईन.

बारा बायका साक्षीला होत्या.

२५ जानेवारी
मधूला मुंबईला निरोप पाठवून बोलावून घेतलं. काय बोलायचं ते समजावून सांगावं म्हणून. आजोबांचं कीर्तन, मग माझा टाळ, मग पाळणा, या क्रमानं. तो म्हणाला, आई, काळजी करू नको, तुझं नाव घेणारच आहे. अगदी खरं तेच सांगेन.

आणखी काय हवं!

निळी साडी काढली आहे. फॉल जुना आहे, उलटा करून लावला.

८ फेब्रुवारी, सकाळी
आज कार्यक्रम. टाळ रुमालात गुंडाळून पर्समध्ये. रुमाल दोन घेतले, चालताना वाजू नये म्हणून. गिरजाबाईंना तिसऱ्या रांगेत जागा दिली आहे, तिथून मी दिसते.

९ फेब्रुवारी
लिहावं की नाही, विचार करत होते. लिहिते. कोणी वाचायचं नाही.

हॉल भरला होता. भजनी मंडळ पूर्ण. मागच्या भिंतीला टेकून करावे गावची मंडळी, गोटीराम, सखू. ब्रागांझा सुटात. स्टेजवर मधू, एक ड्रमवाला, आणि एक जण उभ्यानं वाजवायची माणसाएवढी सारंगी घेऊन. पहिली दोन वाजवणी झाली. किल्ली अजून सापडलेली नाही, पण आता शोधणारे तिघे आहेत.

मग जयप्रकाशांनी माझा कागद काढून प्रश्न विचारला.

मधू माईकजवळ आला. म्हणाला, माझ्या संगीताचं मूळ इथंच बसलंय. पहिल्या रांगेत, निळ्या साडीत.

मी मागे वळून गिरजाबाईंकडे पाहिलं. त्यांची मान खाली गेली होती. हा क्षण नीट लिहून ठेवते, कारण तो फार टिकला नाही.

मधू पुढे म्हणाला, माझ्या आईनं आयुष्यात एकदाही टाळ समेवर मारलेला नाही.

मग एकच हसणं आलं. ओळखीचं होतं. यांचं.

मग तो थांबेचना. म्हणाला, सगळं जग एकावर मारतं. आई एक आणि दोनच्या मधे कुठंतरी मारते, आणि दर वेळी तिथंच. नुसतं चुकत असती तर कधीतरी चुकून बरोबर आली असती. तशी ती कधी आली नाही. मी पाळण्यात त्यावर झोपलो. दुसरं कोणी बरोबर वाजवलं की रडायचो. पुढे ब्रागांझा अंकलनी पहिली रेकॉर्ड लावली तेव्हा वाटलं, अरे, ही सगळी माणसं तर आईसारखी वाजवतात! लोकांना हे शिकायला वर्षं लागतात. मला विसरायला सांगितलं तरी जमणार नाही.

लोक टाळ्या वाजवत होते, डोळे पुसत होते, हसत होते, तिन्ही एकदम. गिरजाबाईंची मान अजून खालीच होती. खांदे मात्र हलत होते. सखूनं मागून ओरडून सांगितलं, बाय, उठ गो! लाजतं कशाला?

मधूनं हात पुढे केला. आई, वर ये. टाळ आणलायस ना?

नव्हता आणला असं म्हणणार होते. पण उठताना पर्स खुर्चीला आपटली आणि दोन्ही रुमालांना न जुमानता वाजली.

गेले वर. मनाशी ठरवलं, आज एकेक टाळ असा समेवर मारीन की याचं तोंड बंद होईल. आयुष्यात एवढं लक्ष देऊन कधी वाजवलं नाही. ड्रमवाल्याच्या पायाकडे बघत होते. त्याचा पाय पडला की मी. पाय पडला की मी. ड्रमवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मधूकडे पाहिलं, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. मधूनं डोळे मिटून घेतले आणि वाजवायला लागला. तसा तो कधी वाजवत असेल असं मला वाटलं नव्हतं. एका जागी मला वाटलं, किल्ली सापडली.

संपल्यावर लोक उभे राहिले. गोटीरामानं शिट्टी घातली. ब्रागांझांनी परत हात जोडले.

माझ्याकडून एकूण एक टाळ समेवर पडला. बाकीच्यांचं मला माहीत नाही.

१० फेब्रुवारी, सकाळी ११
गिरजाबाई घरी आल्या. पेढे घेऊन. मी टाळ पुसूनच ठेवला होता.

बसल्या, पाणी प्यायल्या, आणि फार प्रेमानं बोलल्या. म्हणाल्या, चारुताई, माझी चूक झाली. इतकी वर्षं मला वाटायचं तुमचं चुकतं. म्हणून माझी चिडचिड व्हायची. काल कळलं, तुमचं चुकत नाही, तुमचं जॅझ आहे. तुमच्या मुलानंच भर हॉलमध्ये सांगितलं. आता तुम्हीच सांगा, जॅझ भजनात कसं बसेल? देवाला काय वाटेल?

मी म्हटलं, शब्द दिला होतात. त्या म्हणाल्या, तो टाळाचा दिला होता हो. जॅझचा कुठे दिला होता?

मी पेढ्यांचा पुडा आत नेऊन ठेवला. प्रसाद माझ्याकडेच राहिला. कायमचा. त्यांनी स्वतः हातात दिला. अर्धा किलो साखरफुटाणे.

दुपारी ३
मधू दोन दिवस राहिलाय. बाहेरच्या खोलीत झोपलाय, केस उशीभर पसरलेत. कापायचं नाव काढलं की हसतो.

सगळं चूक की बरोबर, एकदा निकाल लावायचा ठरवलं. भिंतीवरच्या घड्याळाखाली बसले आणि त्याच्या टिकटिकीवर टाळ मारून पाहिला. हळू आवाजात, त्याला उठवायला नको. बराच वेळ मारला. मग थांबून मोजत बसले, तर बाहेर मधूनं कूस बदलली, आई म्हणाला, आणि उठायला लागला. म्हणून परत मारायला घेतला. दोन मिनिटांत गाढ.

आता थांबता येत नाही. डाव्या हाताचा टाळ मांडीवर ठेवून उजव्यानं त्यावर मारतेय आणि मधे मधे लिहितेय.

घड्याळ पुढे पळतंय. उद्या दुरुस्तीला टाकायला हवं.